बसवलेलं भिंगच गढूळ होतं तेव्हा

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन-चार वर्षं झाली आणि त्या डोळ्याने पुन्हा धुरकट दिसायला लागलं, की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मोतीबिंदू परत आला वाटतं." तो परत येऊ शकत नाही. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होणं, आणि ते भिंग तर ऑपरेशनमध्ये काढून टाकलेलं असतं. मग धुरकट का दिसतं? बहुतेकांच्या बाबतीत त्याचं कारण भिंगामागचा पडदा असतो आणि तो लेझरने पाच-दहा मिनिटांत मोकळा करता येतो. पण काही थोड्या लोकांचा पडदा स्वच्छ असतो, पांढुरकं झालेलं असतं ते बसवलेलं कृत्रिम भिंगच. तिथे लेझरचा काही उपयोग नाही. उलट तो मारून बसलं तर खरा उपाय अवघड होतो. पेशंटला या दोन्ही गोष्टी सारख्याच जाणवतात आणि गर्दीच्या ओपीडीत कधीकधी डॉक्टरांचीही गल्लत होते, म्हणून हा फरक जरा नीट समजून घ्यायला हवा.

आधी नेहमीचा प्रकार

नैसर्गिक भिंग एका पातळ, पारदर्शक आवरणात असतं. डॉक्टर त्याला कॅप्सूल म्हणतात, थिएटरमध्ये नुसतं 'बॅग'. ऑपरेशनमध्ये या आवरणाला पुढून साधारण पाच मिलिमीटरचं गोल भोक पाडतात आणि आतला गढूळ गर काढतात. फेको असेल तर गर आतल्या आत फोडून शोषून घेतात, बिनटाक्याच्या लहान छेदाचं ऑपरेशन असेल तर गाभा अख्खाच बाहेर काढतात. मग रिकाम्या आवरणात कृत्रिम भिंग ठेवतात. आवरणाची मागची बाजू मुद्दाम शाबूत ठेवलेली असते. मध्यभागी ती जेमतेम चार मायक्रॉन जाड, म्हणजे मिलिमीटरचा अडीचशेवा भाग. पण भिंगाला मागून आधार देणारी तीच, आणि डोळ्याच्या मागच्या भागातलं व्हिट्रियस नावाचं दाट पारदर्शक द्रव्य पुढे येऊ न देणारीही तीच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कितीही साफसफाई केली तरी आवरणाच्या कडेच्या बेचक्यात काही पेशी चिकटून राहतात. त्या जिवंत असतात आणि वाढतात. महिन्या-वर्षांत सरकत सरकत त्या भिंगाच्या मागे येतात. कुणाच्या पडद्याला सुरकुत्या पडतात, कुणाच्या पडद्यावर मोत्यांसारखे बारीक फुगे दाटतात. यालाच लोक 'पडदा आला', 'जाळी आली' म्हणतात, आणि फाइलवर 'पीसीओ' लिहिलेलं असतं. १९९८ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा होता, की ऑपरेशननंतर पाच वर्षांत साधारण २८ टक्के डोळ्यांत पडदा येतो. त्यानंतर भिंगांची मागची कड धारदार, चौकोनी करायला लागले. ती कड पडद्यावर घट्ट टेकते आणि पेशींची वाट अडवते, त्यामुळे प्रमाण बरंच खाली आलं. लहान मुलांमध्ये मात्र या पेशी इतक्या जोमाने वाढतात, की सर्जन बरेचदा पहिल्याच ऑपरेशनमध्ये मागच्या पडद्याला खिडकी करून ठेवतात.

पडद्यावरचा उपाय म्हणजे याग लेझर. १९८०च्या सुमारास फ्रान्समध्ये दानिएल आरों-रोझा आणि स्वित्झर्लंडमध्ये फ्रांझ फांखाउझर यांनी तो डोळ्यासाठी वापरात आणला. त्याआधी पडद्याला भोक पाडायला डोळ्यात सुई किंवा सुरी घालावी लागे. आता थेंब टाकून बाहुली मोठी करतात, हनुवटी यंत्रावर टेकवायला सांगतात, डोळ्यावर एक भिंग धरतात आणि टिक्-टिक् आवाज येतो, बस्स. प्रत्येक 'टिक्' म्हणजे काही नॅनोसेकंदांचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त किरणांचा ठिपका, जो पडद्याला एक बारीक छेद पाडतो. असे छेद जोडत मध्यभागी तीन-चार मिलिमीटरची खिडकी तयार होते. दुखत नाही. काही दिवस डोळ्यापुढे ठिपके तरंगतात, काहींचा डोळ्याचा दाब तात्पुरता वाढतो म्हणून थेंब देतात. दृष्टिपटल (डोळ्याच्या तळाशी असलेला रेटिना) सुटण्याचा धोका थोडा असतो, मोठ्या मायनस नंबरवाल्यांना जास्त. लेझरनंतर विजा चमकल्यासारखं दिसलं किंवा एका बाजूने काळा पडदा सरकत आला तर सकाळची वाट पाहू नये.

लेझरने पडलेली खिडकी पुन्हा बंद करता येत नाही. जिथे पडदाच दोषी आहे तिथे हा गुण आहे.

भिंग गढूळ कशाने होतं?

डोळ्यात कृत्रिम भिंग ठेवायचं धाडस पहिल्यांदा केलं हॅरल्ड रिडली यांनी, लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये, २९ नोव्हेंबर १९४९ रोजी. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी जखमी वैमानिकांचे डोळे तपासले होते. ऑगस्ट १९४०मध्ये गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या हरिकेन विमानाची काचघुमटी फुटून प्लॅस्टिकचे तुकडे त्याच्या डोळ्यांत घुसले. ते तुकडे वर्षानुवर्षं आत राहूनही डोळ्याने फारशी कुरकुर केली नाही. ते प्लॅस्टिक होतं पर्स्पेक्स, रसायनशास्त्राच्या भाषेत पीएमएमए. रिडलींचं भिंग त्याचंच होतं. कृत्रिम भिंगांची सगळी कल्पना उभी राहिली ती या भरवशावर, की पदार्थ डोळ्यात पडून राहील, तो डोळ्याला काही करणार नाही आणि डोळा त्याला काही करणार नाही. भरवशाचा पहिला अर्धा भाग बराचसा टिकला. दुसऱ्या अर्ध्या भागाने काही वेळा दगा दिला आहे.

पीएमएमए कडक असतं, दुमडत नाही. ते आत घालायला पाच-सहा मिलिमीटरची चीर लागते. फेकोची चीर अडीच मिलिमीटरच्या आसपास आली तेव्हा गुंडाळून आत सोडता येईल आणि आत गेल्यावर उलगडेल असं मऊ भिंग हवं झालं. मऊ भिंगं मुख्यतः तीन प्रकारांत आली: सिलिकोन, पाणी न धरणारं म्हणजे हायड्रोफोबिक ॲक्रिलिक, आणि पाणी धरणारं हायड्रोफिलिक ॲक्रिलिक. हायड्रोफोबिकमध्ये पाणी साधारणतः एक टक्क्याच्या आत असतं, हायड्रोफिलिकमध्ये अठरा टक्के किंवा त्याहूनही जास्त. हायड्रोफिलिक भिंग करायला सोपं, दुमडायला लवचीक आणि तुलनेने स्वस्त, म्हणून आपल्याकडच्या पॅकेजमध्ये ते भरपूर वापरलं जातं. त्यातली बहुसंख्य भिंगं आयुष्यभर स्वच्छ राहतात, हे आधीच सांगतो. गढूळ होण्याची गंभीर प्रकरणं मात्र मुख्यतः याच प्रकारात झाली आहेत.

कारण कॅल्शियम. डोळ्याच्या पुढच्या भागात जे पाणी खेळतं त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही विरघळलेलं असतं. पाणी धरणाऱ्या भिंगाच्या पृष्ठभागात ते शिरू शकतं, आणि एखादं बीज मिळालं की दोघांचे स्फटिक बनून तिथेच बसतात. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर क्षार चढतात तसंच, फक्त इथे क्षार वर कमी आणि पृष्ठभागाच्या जरा खाली जास्त जमतो. हा कॅल्शियम फॉस्फेट म्हणजे हाडांत आणि दातांत असतो त्याच कुळातला. खरवडून निघत नाही, विरघळवणारे थेंब नाहीत, लेझरने जात नाही.

बीज कुठून येतं, याची कहाणी मला या विषयातली सगळ्यात बोलकी वाटते. १९९९च्या सुमारास बॉश अँड लॉम्ब कंपनीची 'हायड्रोव्ह्यू' नावाची हायड्रोफिलिक भिंगं बसवलेले पेशंट धुरकट दिसतं म्हणून परत यायला लागले. भिंग वाईट म्हणावं तर तेच भिंग आधी व्यवस्थित चाललं होतं. शोध घेताना बोट गेलं ते डबीवर. भिंग ज्या डबीत यायचं तिच्या झाकणाखाली सिलिकोनचं वॉशर होतं. त्यातून सिलिकोनचे हलके रेणू सुटून भिंगावर बसत होते, आणि डोळ्यात गेल्यावर त्यांच्या आधाराने कॅल्शियम जमत होतं. २००१मध्ये कंपनीने ते वॉशर बदललं. एक रबरी चकती, जिचा डोळ्याशी काडीचाही संबंध नाही असं कुणीही म्हटलं असतं!

त्याच काळात अमेरिकेतल्या एमडीआर कंपनीच्या 'एससी६०बी-ओयूव्ही' या भिंगात वेगळाच प्रकार दिसला. तिथे वरवरचा थर नव्हता, अख्खं भिंग आतून दुधाळ होत होतं, ऑपरेशनला साधारण दोन वर्षं झाल्यावर. बाहेरून पाहणाऱ्यालाही बाहुली पांढरी दिसायची, जणू पिकलेला मोतीबिंदू. आणि हे प्रश्न विसाव्या शतकातच संपले असं समजू नका. २०१७मध्ये युरोपातल्या ओक्युलेंटिस कंपनीने आपली काही भिंगं परत बोलावली. कारखान्यात भिंगं धुताना वापरलेल्या डिटर्जंटमधलं फॉस्फेट काही भिंगांवर उरलं होतं. कॅल्शियम डोळ्यात तयारच असतं, फॉस्फेट कारखान्यातून आलं.

कधीकधी भिंग निर्दोष असतं आणि कारण नंतरचं दुसरंच ऑपरेशन असतं. कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या) आतल्या थराचं प्रत्यारोपण करताना नवा थर जागी चिकटावा म्हणून डोळ्यात हवेचा किंवा वायूचा बुडबुडा सोडतात. दृष्टिपटलाच्या ऑपरेशनमध्येही वायू वापरतात. अशा डोळ्यात आधीपासून हायड्रोफिलिक भिंग असेल तर पुढच्या महिन्यांत किंवा वर्षांत त्यावर कॅल्शियम बसू शकतं, आणि ते बसतं नेमकं बाहुलीच्या आकाराच्या गोलात, कारण भिंगाचा बाकीचा भाग बुबुळाच्या रंगीत पडद्याआड झाकलेला असतो. नजर जाते त्याच वाटेवर. म्हणून ज्यांच्या कॉर्नियाचा आतला थर आधीच कमजोर आहे (फुक्स डिस्ट्रॉफी असं निदान झालेलं असेल), किंवा ज्यांना मधुमेहामुळे पुढे दृष्टिपटलाचं ऑपरेशन लागण्याची शक्यता दिसते, त्यांच्यासाठी पहिल्यापासून हायड्रोफोबिक भिंग निवडलेलं बरं. मोतीबिंदूच्या आधी सर्जनला विचारण्यासारखा हा एक प्रश्न आहे. माझ्या मते तो 'मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारं भिंग) घेऊ का' यापेक्षा महत्त्वाचा आहे, पण पॅकेजचा तक्ता समोर ठेवणारा समुपदेशक तो सहसा काढत नाही.

बाकी पदार्थांचं थोडक्यात. हायड्रोफोबिक भिंगांत सूक्ष्म पाण्याचे थेंब तयार होतात आणि तपासणीच्या उजेडात चमचमतात. डॉक्टर त्याला 'ग्लिसनिंग' म्हणतात. दिसायला भरपूर, पण बहुतेकांच्या नजरेवर जाणवेल असा परिणाम होत नाही. सिलिकोनच्या भिंगांवर कॅल्शियम बसतं ते प्रामुख्याने ज्यांच्या व्हिट्रियसमध्ये आधीपासून चमकदार कण तरंगत असतात (ॲस्टेरॉइड हायलोसिस) त्यांच्यात, आणि तेही भिंगाच्या मागच्या बाजूला. तिथे याग मारला तर थोडे दिवस साफ दिसतं आणि थर पुन्हा बसतो.

पीएमएमएचीही एक हकीकत आहे. १९८०च्या दशकात आणि १९९०च्या सुरुवातीला साच्यात ओतून केलेल्या काही भिंगांत दहाएक वर्षांनंतर हिमकणांसारखे पांढरे ठिपके दिसायला लागले. दोष अतिनील किरणांकडे गेला, कारण ठिपके बाहुलीसमोरच्या भागात होते आणि बुबुळाच्या सावलीतली कड स्वच्छ होती. हा अपवाद सोडला तर पीएमएमए कमालीचं टिकाऊ ठरलं आहे. १९९४ला जागतिक बँकेच्या मदतीने सुरू झालेल्या मोतीबिंदू प्रकल्पातल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. जाड काचांच्या चष्म्याऐवजी डोळ्यात पीएमएमएचं भिंग, हा बदल गावोगावी पोहोचला तो त्या वर्षांत. मदुराईच्या अरविंद नेत्रालयाच्या ऑरोलॅबने १९९२पासून स्वस्त भिंगं बनवायला घेतली होती, त्यामुळे ते शक्य झालं. 'कॅम्पमधलं भिंग म्हणजे हलकं भिंग' असं शहरात सर्रास म्हणतात. चीर मोठी लागते आणि जुन्या गोल कडांमुळे पडदा जास्त येतो, हे खरं. पण कॅल्शियमने गढूळ होण्याच्या बाबतीत ते कडक, न दुमडणारं भिंग महागड्या मऊ भावंडांपेक्षा निर्धोक आहे.

फरक ओळखायचा कसा

पेशंटच्या तक्रारीवरून फरक कळत नाही. दोन्हींत धुकं वाटतं, रात्री समोरच्या गाडीचे दिवे पसरतात, उन्हात डोळे दिपतात. एक गोष्ट मात्र दोन्हींत फसवते. पांढऱ्या तक्त्यावरची काळी अक्षरं पेशंट ६/९पर्यंत, म्हणजे जवळजवळ शेवटच्या ओळीपर्यंत, वाचून दाखवतो आणि त्याला "छान दिसतंय की" म्हणून घरी पाठवतात. तक्त्यावर काळ्या-पांढऱ्याचा फरक ठळक असतो. जिना उतरताना करड्या पायरीची करडी कड दिसते का, ही वेगळी परीक्षा आहे. तक्ता वाचता येतो पण धुकं जात नाही, असं असेल तर तक्रार लावून धरावी.

फरक कळतो स्लिट लॅम्पवर, बाहुली मोठी करून. हे यंत्र उजेडाची बारीक उभी फीत डोळ्यात तिरकी सोडतं, म्हणजे आतल्या थरांचा छेद घेतल्यासारखं दिसतं. पडदा आला असेल तर फीत भिंगातून स्वच्छ, काळोख्या पट्ट्यासारखी जाते आणि मागच्या पडद्यावर पोचल्यावरच उजळते. भिंगात कॅल्शियम असेल तर पडद्यापर्यंत जायच्या आधीच उजळते. बरेचदा पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागाखाली बारीक दाण्यांच्या दोन रेघा दिसतात आणि मधला भाग मोकळा असतो. एकदा पाहिलं की विसरत नाही. अडचण येते ती बाहुली न वाढवता, समोरून प्रकाश टाकून घाईने पाहिलं तर. मग दिसतो फक्त एक पांढुरका झाक, आणि पाच वर्षांपूर्वी मोतीबिंदू झालेल्या माणसाच्या डोळ्यात पांढुरका झाक म्हणजे पीसीओ, हा अंदाज शंभरातल्या बहुतेकांच्या बाबतीत बरोबरच ठरतो. गल्लत होते ती उरलेल्यांची. जगभरच्या नोंदींत भिंग बदलायला आलेल्या पेशंटांपैकी अनेकांवर आधी याग मारून झालेला आढळतो. काहींचं तर व्हिट्रियस काढण्याचं ऑपरेशनही झालेलं होतं.

त्याने बिघडतं काय? गढूळ भिंगाला उपाय एकच, ते काढून दुसरं बसवणं. तोवर आवरण भिंगाभोवती आकसून चिकटलेलं असतं. सर्जन दाट जेल आत सोडून ते हळूहळू सुटं करतात, भिंगाला जागी धरून ठेवणारे दोन पाय आवरणाच्या कडेतून मोकळे करतात आणि डोळ्याच्या आतच कात्रीने भिंग कापून लहान चिरेतून तुकडे बाहेर काढतात. पाय फारच रुतले असतील तर ते कापून तिथेच सोडतात, ओढत नाहीत, कारण आवरण ज्या तंतूंवर टांगलेलं असतं ते तुटू शकतात. मागचा पडदा शाबूत असेल तर नवं भिंग त्याच जागी ठेवता येतं. पडद्याला लेझरची खिडकी असेल तर मघाशी सांगितलेला आधारही गेला आणि अडसरही. व्हिट्रियस पुढे येतं, ते कापून काढावं लागतं, आणि नवं भिंग आवरणाच्या पुढे टेकवावं लागतं किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागात अडकवावं लागतं. दृष्टिपटलाला सूज येण्याचा आणि ते सुटण्याचा धोका वाढतो. अनुभवी हातांत हेही ऑपरेशन चांगलं होतं, पण पहिल्या मोतीबिंदूसारखं 'सकाळी गेलो, दुपारी घरी आलो' इतकं सरळ ते नाही. म्हणून थोडंच धुकं असेल आणि रोजचं काम चालत असेल तर सर्जन थांबूया म्हणतात, तेही योग्यच.

तेव्हा यागचा कागद सही करायला पुढे आला, की एवढंच विचारा: "डॉक्टर, गढूळपणा पडद्यावर आहे की भिंगात? बाहुली मोठी करून पाहिलंत ना?" यात कुणाचा अपमान नाही.

दुसरं काम घरच्या कपाटातलं. ऑपरेशनच्या कागदांवर भिंगाच्या डबीतला स्टिकर लावलेला असतो. त्यावर कंपनी, मॉडेल, पॉवर, अनुक्रमांक आणि मुदतीची तारीख असते. आईवडिलांच्या दोन्ही डोळ्यांच्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कोणता उजवा कोणता डावा हे लिहून. कंपनीने एखादी तुकडी परत बोलावली तर तुमचं भिंग त्यात आहे का हे फक्त त्या क्रमांकावरून कळतं, आणि बदलायची वेळ आली तर सर्जनला आधी तोच कागद लागतो. कागदावर स्टिकर नसेल तर हॉस्पिटलकडून मागून घ्या. आपल्याकडे २००५पासून ही भिंगं औषध कायद्याखालच्या अधिसूचित उपकरणांत आहेत, आणि उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद करायला २०१५पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. त्याचं काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतं. भिंग गढूळ झाल्याचं निदान झालं तर तिथे नोंद करायला डॉक्टरांना सांगा.

आणि बदललंच तर काढलेलं भिंग कचऱ्यात जाऊ देऊ नका. ते तुकडे प्रयोगशाळेत अलिझारिन रेड या रंगात बुडवले की कॅल्शियम असलेली जागा लाल होते. हायड्रोव्ह्यूच्या वॉशरपर्यंत माग पोचला तोही डोळ्यांतून काढलेली अशी भिंगं जपून तपासायला पाठवली गेली म्हणूनच.